धुळीआडचे वजनदार तारे

मी नोएडाहून बोलते आहे. ही व्याख्यानमाला ऐकणारी माणसं बडोद्यापासून बेळगावपर्यंत आणि इंदूरपासून हैदराबादपर्यंत पसरलेली आहेत. तुमच्या डोक्यावरचं आकाश किती स्वच्छ असतं ते तुम्हीच जाणा. आमच्या दिल्ली परिसरातलं मी सांगू शकते. नोव्हेंबर-डिसेंबरात इथे सूर्य दुपारी चार वाजताच तांबूस होतो. पाच वाजता तर तो एखाद्या तांब्याच्या ताटलीसारखा दिसतो आणि क्षितिजाला टेकायच्या आधीच धुरकटात विरून जातो. सूर्य काही थंड झालेला नसतो. मधली हवा निळा प्रकाश जास्त विखुरते आणि लाल प्रकाश तुलनेने कमी, म्हणून आपल्यापर्यंत पोचतो तो बराचसा लाल.

आजचा विषय समजायला एवढं पुरे आहे. आपल्या आकाशगंगेतले सर्वात वजनदार, सर्वात तापलेले आणि सर्वात तेजस्वी तारे अशाच एका धुरकटाआड दडलेले आहेत. त्यांना शोधायचं, ओळखायचं आणि त्यांचं वजन काढायचं, तर अवरक्त प्रकाशात त्यांचा वर्णपट घ्यावा लागतो. हे कसं करतात आणि त्यातून काय हाती लागतं, ते आज पाहू.

वजनदार म्हणजे किती?

सूर्याच्या सुमारे आठपटींहून अधिक वस्तुमान असलेल्या ताऱ्याला आम्ही वजनदार तारा म्हणतो. ही रेषा उगाच आखलेली नाही. आठपटींहून हलके तारे शेवटी बाहेरचे थर हळूहळू सोडून देतात आणि श्वेत बटू होऊन निवतात. त्याहून जड ताऱ्यांचा गाभा कोसळतो, बाहेरचा भाग अतिनवताऱ्याच्या स्फोटात उधळला जातो आणि मागे न्यूट्रॉन तारा किंवा कृष्णविवर उरतं.

असे तारे फार थोडे. हजार तारे जन्मले तर त्यात वजनदार निघतात जेमतेम चार-सहा. पण त्यांचा कारभार मोठा असतो. सूर्याच्या पृष्ठभागाचं तापमान सुमारे ५,८०० केल्विन आहे, तर 'ओ' वर्गातल्या ताऱ्याचं ३०,००० च्या वर, काहींचं ४५,००० पर्यंत. सूर्याच्या ४० पट वस्तुमानाचा तारा सूर्यापेक्षा लाखो पट तेजस्वी असतो. म्हणजे इंधन ४० पट, पण खर्च लाखांच्या पटीत. त्यामुळे सूर्य सुमारे १,००० कोटी वर्षं जगणार असला तरी हा तारा ५० लाख वर्षांच्या आसपास संपतो.

जगतानाही तो गप्प बसत नाही. त्याच्या अंगावरून सेकंदाला दोन-तीन हजार किलोमीटर वेगाने वायू बाहेर फेकला जात असतो. वारा सूर्यालाही आहे, पण असा तारा वर्षाला जेवढा ऐवज उधळतो तो सूर्याच्या तुलनेत काही कोटी पट असतो. आजूबाजूचा वायू तापतो, ढकलला जातो. कुठे त्यामुळे नवे तारे जन्माला येतात, तर कुठे जन्मणारे राहून जातात.

आणि एक गोष्ट घरातली. तुम्ही आत्ता जे पाणी प्यायलात त्याच्या वजनाचे नऊपैकी आठ भाग ऑक्सिजन आहे. विश्वातला बहुतेक ऑक्सिजन अशाच वजनदार ताऱ्यांच्या पोटात तयार झाला आणि त्यांच्या मरणातून बाहेर पडला. म्हणजे हे तारे किती जन्मतात आणि कसे मरतात हा प्रश्न आपल्या पेल्यातल्या पाण्यापर्यंत येऊन पोचतो.

गुच्छ कशाला हवा?

एकटा तारा पाहून फारसं काही सांगता येत नाही. तो जवळचा आणि मंद आहे की दूरचा आणि तेजस्वी, तरुण आहे की उतारवयातला, हे कळणं कठीण जातं. तारकागुच्छात ही अडचण बरीचशी सुटते. एका गुच्छातले तारे एकाच ढगातून, थोडक्या काळात जन्मलेले असतात आणि आपल्यापासून जवळपास सारख्याच अंतरावर असतात.

मी विद्यार्थ्यांना पंगतीचं उदाहरण देते. सगळे एकाच वेळी जेवायला बसलेत. गंमत अशी, की ज्याच्या पानात सर्वात जास्त वाढलंय तोच इतका भराभर जेवतो की सर्वात आधी उठतो. थोडं वाढलेला माणूस मात्र एकेक शीत चिवडत बसून राहतो. आता तुम्ही दारातून डोकावलात आणि कोण उठलंय, कोण बसलंय एवढंच पाहिलंत, तरी पंगत बसून किती वेळ झाला ते सांगू शकाल. गुच्छाचं वय आम्ही असंच काढतो. जिवंत असलेल्यांपैकी सर्वात वजनदार तारा कोणता, यावरून पंगतीची वेळ ठरते.

आणि त्याचा एक उपसिद्धांत फार कामाचा आहे. गुच्छात कोणी मेलेला सापडला, म्हणजे न्यूट्रॉन तारा किंवा कृष्णविवर, तर तो जिवंतांपैकी सर्वात जड ताऱ्यापेक्षाही जड असला पाहिजे. नाहीतर तो आधी उठला नसता. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पण गुच्छ दिसतच नाहीत

वजनदार तारे अल्पायुषी असतात, त्यामुळे ते जन्मस्थानापासून फार लांब जाऊ शकत नाहीत. जन्मस्थान म्हणजे वायू आणि धुळीचे ढग, तेही आकाशगंगेच्या चकतीत. आपण स्वतःही त्याच चकतीत आहोत. म्हणजे पाहणारा चकतीत, पाहायची वस्तू चकतीत आणि मधली सगळी धूळही चकतीतच.

ही धूळ म्हणजे आमच्या रस्त्यावरची माती नव्हे. ते सिलिकेट आणि कार्बनयुक्त कण असतात, धुराच्या कणांइतके बारीक, मायक्रॉनच्या दहाव्या भागाच्या आसपास किंवा त्याहूनही लहान. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ०.४ ते ०.७ मायक्रॉन असते, ती या कणांच्या आवाक्यात येते. तरंगलांबी वाढवत २.२ मायक्रॉनपर्यंत गेलो, तर तेच कण लाटेच्या मानाने फारच लहान पडतात आणि प्रकाश बराचसा निसटून येतो.

हा फरक किती, ते आकड्यांत पाहा. आकाशगंगेच्या केंद्राकडून निघालेल्या दृश्य प्रकाशाच्या एक लाख कोटी कणांपैकी आपल्यापर्यंत जेमतेम एक पोचतो. तिथूनच निघालेला २.२ मायक्रॉनचा अवरक्त प्रकाश मात्र दहा-पंधरा भागांत एक भाग इतका पोचतो. केंद्रापासून सुमारे १०० प्रकाशवर्षांवर 'आर्चेस' नावाचा वजनदार ताऱ्यांनी गच्च भरलेला गुच्छ आहे. तो १९९० च्या दशकात, अवरक्त निरीक्षणांतच सापडला. दृश्य प्रकाशात कितीही मोठी दुर्बीण लावली तरी तिथे काळोखच दिसतो.

आपल्याकडून सहज पाहता येणारं उदाहरण हंस तारकासमूहातलं आहे. ऑक्टोबरच्या सुरुवातीला, संध्याकाळी आठच्या सुमारास हंस उत्तर भारतात जवळपास माथ्यावर असतो. त्याच्या पंखाजवळ, सुमारे ५,००० प्रकाशवर्षांवर, 'सिग्नस ओबी-२' हा वजनदार ताऱ्यांचा मोठा मेळावा आहे. त्यातल्या बारा क्रमांकाच्या ताऱ्याचा दृश्य प्रकाश धुळीमुळे दहा हजारांत एक भागच पोचतो. धूळ नसती तर हा तारा साध्या डोळ्यांना हंसाच्या डेनेबइतका ठळक दिसला असता आणि आपल्या पूर्वजांनी त्याला नाव ठेवलं असतं. आज तो पाहायला दुर्बीण लागते. २.२ मायक्रॉनमध्ये मात्र त्याचा जवळपास ४० टक्के प्रकाश इथवर येतो.

रंगावर भरवसा का नाही?

कोणी म्हणेल, मग अवरक्त कॅमेऱ्याने फोटो काढा आणि मोजा तारे, वर्णपटाची भानगड कशाला? फोटो काढून झाले आहेत. १९९७ ते २००१ या काळात 'टू-मास' या सर्वेक्षणाने सगळं आकाश तीन अवरक्त पट्ट्यांत टिपलं आणि ४७ कोटींहून अधिक बिंदूंची यादी केली. ती यादी सर्वांना खुली आहे. पण त्या यादीतला लालसर ठिपका दोन तऱ्हांचा असू शकतो. एक म्हणजे खरोखरच थंड असलेला तांबडा राक्षसी तारा. असे तारे आकाशगंगेत पैशाला पासरी आहेत. दुसरा म्हणजे ४०,००० केल्विनचा निळाशार तारा, धुळीमुळे लाल दिसणारा. थंडीतल्या संध्याकाळचा आमचा सूर्य आणि विझत आलेला निखारा, दोन्हींचा रंग एकच.

त्यात आणखी एक अडचण. ४०,००० केल्विनचा तारा सर्वात जास्त झळकतो तो ०.०७ मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे खोल अतिनील भागात. अवरक्तात आपण त्याच्या प्रकाशाची नुसती शेपटी पाहतो. त्या शेपटीचा उतार सगळ्या तापलेल्या ताऱ्यांत जवळपास सारखाच असतो. तारा ३०,००० चा असो की ४५,००० चा, अवरक्त रंग तोच. याचा एक फायदा होतो. मूळ रंग ठाऊक असल्यामुळे दिसणाऱ्या रंगावरून मधली धूळ मोजता येते. तोटा हा, की तापमान कळत नाही. आणि तापमान कळल्याशिवाय वजन कळत नाही.

रेषांची साक्ष

इथे वर्णपट कामाला येतो. ताऱ्याचा प्रकाश तरंगलांबीनुसार पसरवला की त्यात ठराविक जागी गडद किंवा उजळ रेषा दिसतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या. पण कोणती रेषा किती ठळक दिसेल हे तापमानावर अवलंबून असतं, कारण तापमान वाढलं की अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटू लागतात. किती तापमानाला आणि किती दाबाला किती अणूंचे इलेक्ट्रॉन सुटलेले असतील, याचं समीकरण १९२० मध्ये मेघनाद साहा यांनी मांडलं. ताऱ्यांच्या वर्णपटांतून तापमान वाचणं तेव्हापासून शक्य झालं.

साहांचं दिल्लीशी नातं आहे. १९५२ मध्ये ते लोकसभेवर निवडून आले आणि १६ फेब्रुवारी १९५६ रोजी दिल्लीतच, नियोजन आयोगाच्या कचेरीकडे जात असताना त्यांचं निधन झालं. त्यांचे शिष्य दौलतसिंग कोठारी यांनी दिल्ली विद्यापीठात पदार्थविज्ञान विभाग घडवला. आजही त्या विभागाच्या नावात खगोलभौतिकी आहे.

आता अवरक्तातल्या रेषा. आम्ही ज्याला 'के' पट्टा म्हणतो तो साधारण २ ते २.४ मायक्रॉनचा. त्यात हायड्रोजनची एक ठळक रेषा २.१६६ मायक्रॉनवर येते. साध्या हेलियमची रेषा २.११२ वर. एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या हेलियमची २.१८९ वर. ही शेवटची दिसली की समजायचं, तारा 'ओ' वर्गातला, अतिशय तापलेला, कारण हेलियमचा इलेक्ट्रॉन सहजासहजी सुटत नाही. ती नाही पण साधा हेलियम आहे, तर तारा थोडा निवळ, 'ओ' वर्गाच्या शेवटाचा किंवा 'बी' वर्गाच्या सुरुवातीचा. हेलियमही दिसेनासा झाला आणि फक्त हायड्रोजन उरला, तर आणखी खालचा.

आणि २.२९ मायक्रॉनच्या पुढे जिन्याच्या पायऱ्यांसारखे खड्डे दिसले, तर तो कार्बन मोनॉक्साइडचा रेणू. तापलेल्या ताऱ्याच्या वातावरणात हा रेणू टिकूच शकत नाही. म्हणजे तारा थंड. तो मघाचा सामान्य तांबडा राक्षस असेल, किंवा एखादा वजनदार तारा म्हातारपणी फुगून झालेला लाल महाराक्षस. रेषा जाड आणि उजळ, डोंगरासारख्या उठलेल्या दिसल्या तर तो वोल्फ-रायेट तारा. हाही वजनदार ताऱ्याच्या उतारवयातलाच, वाऱ्याने अंगावरचे थर सोलून काढलेला.

हा रेषांचा पंचनामा वाचायला तुलनेचा तक्ता लागतो. धूळ कमी असलेल्या, दृश्य प्रकाशात आधीच ओळख पटलेल्या ताऱ्यांचे 'के' पट्ट्यातले वर्णपट घेऊन असा तक्ता मार्गारेट हॅन्सन, पीटर कॉन्टी आणि मार्शिया रीके यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केला. नंतर असे तक्ते सुधारत गेले. यातल्या मार्शिया रीके म्हणजेच पुढे जेम्स वेब दुर्बिणीच्या जवळ-अवरक्त कॅमेऱ्याचं काम ज्यांच्या नेतृत्वाखाली झालं त्या.

प्रत्यक्ष रात्री काय करावं लागतं?

अवकाशातली धूळ पार केली तरी शेवटचे काही किलोमीटर आपली हवा आडवी येते. हवेतली वाफ अवरक्ताचे मोठे पट्टे गिळून टाकते. मधे काही खिडक्या उरतात, १.२५, १.६५ आणि २.२ मायक्रॉनच्या आसपास. म्हणून दुर्बीण उंचावर आणि कोरड्या जागी लागते.

आपल्या देशात लडाखमध्ये हानले इथे ४,५०० मीटर उंचीवर दोन मीटर व्यासाची हिमालयीन चंद्र दुर्बीण आहे. ती बंगळूरूजवळच्या होसकोटे इथून उपग्रहामार्फत चालवली जाते. तिच्यावर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने बनवलेला 'टिरस्पेक' हा अवरक्त वर्णपटमापक २०१३ मध्ये बसवला गेला. दिल्लीकरांना जवळची जागा म्हणजे उत्तराखंडातलं देवस्थळ. काठगोदामपर्यंत रेल्वे, पुढे डोंगरातला रस्ता. तिथे ३.६ मीटरची दुर्बीण आहे. हवी तिकडे वळवता येणारी, आपल्या देशातली सर्वात मोठी. तिचं उद्घाटन २०१६ मध्ये झालं आणि २०१९ मध्ये तिच्यावर 'टॅनस्पेक' हा वर्णपटमापक आला, ०.५५ ते २.५ मायक्रॉनपर्यंत पाहणारा. देवस्थळला पावसाळ्यात निरीक्षणं बंद असतात. हानले हिमालयाच्या पर्जन्यछायेत असल्यामुळे तिथे पावसाळ्यातही काही रात्री मिळून जातात.

निरीक्षणाची रीत थोडी विचित्र वाटेल. प्रकाश एका बारीक फटीतून आत घेतात. तारा आधी फटीच्या एका टोकाला ठेवतात, मग दुसऱ्या टोकाला, मग पुन्हा पहिल्या. कारण अवरक्तात आपलं आकाशच चमकत असतं. सुमारे ९० किलोमीटर उंचीवरचे हायड्रॉक्सिल रेणू रात्रभर उजळ रेषा देत राहतात आणि त्यांची चमक मिनिटामिनिटाला बदलते. दोन्ही जागांचे वर्णपट एकमेकांतून वजा केले की आकाश जातं, तारा उरतो. मापक स्वतःही अवरक्तात चमकू नये म्हणून त्याच्या आतला भाग द्रव नायट्रोजनच्या तापमानाजवळ, उणे १९६ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवतात.

मग हवेने खाल्लेला भाग भरून काढायचा. त्यासाठी आपल्या ताऱ्याच्या लगोलग, आकाशात त्याच्या जवळच असलेला एक साक्षीदार तारा पाहतात. तो शक्यतो अभिजितच्या जातीचा घेतात, कारण त्याच्या वर्णपटात हायड्रोजनखेरीज फारसं काही नसतं. त्यात जे खड्डे दिसतील ते आपल्या हवेचे. पण गोम अशी, की आपल्याला हवी असलेली २.१६६ ची रेषा हायड्रोजनचीच आहे! ती साक्षीदारातही आहे. तिथे आंधळेपणाने भागाकार केला तर आपल्या ताऱ्यात नसलेली उजळ रेषा उगवते आणि एखादा साधासुधा तारा वायू फेकणारा वाटू लागतो. म्हणून आधी साक्षीदाराची हायड्रोजन रेषा काळजीपूर्वक काढून टाकावी लागते. या एका पायरीवर नवा विद्यार्थी कित्येक दिवस घालवतो, आणि ते दिवस वाया जात नाहीत.

एक गुच्छ, एक मेलेला तारा आणि न सुटलेला वाद

आता मघाचं वाक्य आठवा: मेलेला तारा जिवंतांपेक्षा जड असला पाहिजे.

दक्षिण आकाशात 'वेस्टरलुंड-१' नावाचा गुच्छ आहे. स्वीडिश खगोलशास्त्रज्ञ बेंग्ट वेस्टरलुंड यांनी तो १९६१ मध्ये शोधला. अंतर सुमारे १२ ते १४ हजार प्रकाशवर्षं, मधे दाट धूळ. तो इतका दक्षिणेला आहे की देवस्थळहून क्षितिजाजवळच राहतो. त्यामुळे त्याचं बहुतेक काम चिलीतल्या दुर्बिणींनी झालं. वर्णपट घेत गेले तसतसे त्यात वोल्फ-रायेट तारे, निळे आणि पिवळे महाराक्षस, लाल महाराक्षस असा सगळा गोतावळा सापडला. एवढी विविधता एका जागी आकाशगंगेत क्वचितच दिसते.

२००५ मध्ये चंद्रा या क्ष-किरण दुर्बिणीने, म्हणजे आपल्या सुब्रह्मण्यन् चंद्रशेखरांच्या नावाच्या दुर्बिणीने, त्या गुच्छात एक मॅग्नेटार पाहिला. मॅग्नेटार म्हणजे अतिप्रबळ चुंबकक्षेत्र असलेला न्यूट्रॉन तारा. आता पंगतीचं गणित लावा. गुच्छाचं वय तेव्हा ४० ते ५० लाख वर्षं धरलं जात होतं आणि त्यात ४० सूर्यांच्या जवळपासचे तारे अजून जिवंत होते. म्हणजे मेलेला तारा ४० सूर्यांहून जड. पण इतका जड तारा कोसळला तर कृष्णविवर व्हायला हवं, अशी सर्वांची समजूत. मग हा न्यूट्रॉन तारा कसा झाला?

यावर दोन बाजूंनी उत्तरं आली. एक म्हणजे तो एकटा नव्हताच. २०१४ मध्ये चिलीतल्या महाकाय दुर्बिणीने त्या गुच्छातून वेगाने निसटून चाललेला एक तारा दाखवला. तो मेलेल्या ताऱ्याचा जोडीदार असावा आणि जोडीदारांच्या देवाणघेवाणीत मेलेल्याचं वजन मरण्याआधीच घटलं असावं, असं म्हणणं पुढे आलं. हे काही ओढूनताणून आणलेलं नाही. वजनदार ताऱ्यांपैकी ७० टक्क्यांहून अधिक तारे आयुष्यात कधी ना कधी जोडीदाराशी वस्तुमानाची देवाणघेवाण करतात, असं २०१२ च्या एका गाजलेल्या अभ्यासात दिसून आलं होतं.

दुसरी बाजू पंगतीच्या वेळेवरच शंका घेते. २०२१ मध्ये एका गटाने गुच्छातल्या थंड महाराक्षसांचं एकूण तेज अवरक्तात नीट मोजलं आणि त्यावरून वय काढलं, ते आलं सुमारे १ कोटी वर्षं. तापलेल्या ताऱ्यांवरून आलेल्या वयाच्या दुप्पट. म्हणजे एकाच पंगतीतले काही जण आत्ताच बसलेत म्हणतात आणि काही जण केव्हाचे बसलो आहोत म्हणतात. कदाचित सगळे एका वेळी बसलेच नसतील. कदाचित तरुण भासणारे काही तारे दोन ताऱ्यांच्या विलीनीकरणातून ताजेतवाने झालेले असतील. वय वाढलं की मेलेल्या ताऱ्याचं किमान वजन खाली येतं आणि मूळ कोड्याची धार बोथट होते.

हा वाद अजून चालू आहे, आणि तो किरकोळ नाही. किती वजनाचा तारा कृष्णविवर होतो, या एका आकड्यावर आकाशगंगेत किती कृष्णविवरं असतील आणि किती ऑक्सिजन अवकाशात परत आला असेल, हे सगळं बेतलेलं आहे. १४ सप्टेंबर २०१५ रोजी लायगो यंत्राने टिपलेल्या पहिल्या गुरुत्वीय लहरी ३६ आणि २९ सूर्यांइतक्या वजनाच्या दोन कृष्णविवरांच्या होत्या. एवढी जड कृष्णविवरं येतात कुठून, तर वजनदार ताऱ्यांतूनच. आणि त्या लहरी टिपणारं पुढचं यंत्र आपल्या हिंगोली जिल्ह्यात, औंढ्याजवळ उभं राहणार आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. तिथे ऐकू येणाऱ्या शेवटाची सुरुवात आम्ही या वर्णपटांत वाचत असतो.

महाराष्ट्रातली आणखी एक जागा याच कामात आहे. नारायणगावजवळच्या खोडदच्या महाकाय मीटर-तरंग दुर्बिणीचे ३० अँटेना, प्रत्येकी ४५ मीटरचे, वजनदार ताऱ्यांनी तापवलेल्या वायूच्या रेडिओलहरी टिपतात. त्या तर धुळीतून सहज पार होतात. रेडिओवरून कळतं वायू कुठे तापलाय. तो कोणी तापवला, ते अवरक्त वर्णपट सांगतो.

नेहमी येणारे तीन प्रश्न

पहिला: ताऱ्याला तराजूत न घालता वजन कसं करता? वर्णपटावरून तापमान, रंगावरून धूळ, अंतरावरून खरं तेज. तापमान आणि तेज मिळालं की ताऱ्यांच्या आयुष्याच्या गणिती आराखड्यांशी ताडून वजन निघतं. हा झाला अप्रत्यक्ष मार्ग. दोन तारे एकमेकांभोवती फिरत असतील तर केप्लरच्या नियमांनी थेट वजन करता येतं. 'वेस्टरलुंड-२' गुच्छाजवळच्या एका जोडीतले दोन्ही तारे अशा रीतीने सूर्याच्या ८० पटींहून जड निघाले. ते अवघ्या ३.७ दिवसांत एकमेकांभोवती फेरी पुरी करतात. अशा जोड्या आमच्यासाठी प्रमाणित वजनं आहेत. इतर सगळ्यांची वजनं त्यांच्याशी पडताळून पाहायची.

दुसरा: मृगातला काक्षी उद्या फुटणार का? २०१९ च्या अखेरीस तो एकाएकी मंद झाला तेव्हा वर्तमानपत्रांत फार गाजलं. त्याने स्वतःच बाहेर फेकलेल्या वायूची धूळ झाली आणि तिने त्याचा काही भाग झाकला, असं नंतर दिसून आलं. तो फुटेल, पण ताऱ्यांच्या भाषेत 'लवकरच' म्हणजे लाखभर वर्षांच्या आतबाहेर. तेव्हा घाई नको.

तिसरा, आणि मला सर्वात आवडणारा: लहान गावातल्या मुलामुलींना यात काही करता येईल का? येईल. दुर्बीण घरी असायलाच हवी असं नाही. 'टू-मास'ची यादी खुली आहे. गाया उपग्रहाने मोजलेली ताऱ्यांची अंतरं खुली आहेत. चिलीतल्या दुर्बिणींचे जुने वर्णपटही ठराविक मुदतीनंतर सर्वांना मिळतात. लागतं ते पदवीपर्यंतचं पक्कं पदार्थविज्ञान, थोडं संगणकावरचं लेखन, म्हणजे पायथनसारखी भाषा, आणि एकेका रेषेकडे दहा वेळा पाहायची चिकाटी. मार्गदर्शक शिक्षक ईमेलला उत्तर देतात. एकाने नाही दिलं तर दुसऱ्याला लिहावं.

तोवर एक सोपं काम सांगते. डिसेंबर ते मार्च, रात्री गच्चीवर जा. मृग नक्षत्र आमच्या नोएडाच्या धुरकटातूनही दिसतं, तुमच्याकडे नक्कीच दिसेल. त्याच्या पोटातल्या बाणाचे तीन तारे एका ओळीत असतात. हे तिन्ही आठपटींच्या रेषेच्या बरेच वर आहेत आणि तिन्ही अतिनवतारे होऊन संपणार आहेत. आपल्या नशिबाने त्यांच्या आणि आपल्या मधे धूळ फार थोडी आहे, म्हणून ते साध्या डोळ्यांना दिसतात. त्यांच्यासारखे कितीतरी तारे त्याच आकाशात, पडद्यामागे, आत्ता जळत आहेत. त्यांची मोजदाद अजून पुरी व्हायची आहे.

प्रश्न जरूर पाठवा.